साडेअकराचा चौविहार

जैन गृहस्थ परदेशी निघाला की त्याच्या सामानाची विभागणी दोन खात्यांत होते. कपडे, कागदपत्रे, औषधे हे त्याचे स्वतःचे खाते. आणि खाकरा, दशम्या, मूगडाळ, मेतकूट, गूळपापडी हे घरच्या लक्ष्मीचे. विमान कंपनी वजनाचे बंधन घालते ते दोन्ही खात्यांना मिळून, आणि वजन जास्त भरले की कात्री लागते ती नेहमी पहिल्याच खात्याला. श्रीरामपूरचे एक पाईपविक्रेते काका २०१५ च्या मार्च महिन्यात इथिओपियाला निघाले, तेव्हा दोन स्वेटरांपैकी एक घरी राहिला आणि खाकऱ्याचे सहा पुडे बॅगेत गेले. त्यांतले पाच साजूक तुपावर शेकलेले. सहाव्याच्या वेळी तुपाचा डबा संपला, म्हणून तो तेलावर. काकूंनी त्या पुड्यावर पेन्सिलीने ‘तेल’ असे लिहून ठेवले आणि बजावले, “हा सगळ्यात शेवटी खा. आणि कोणाला देऊ नका बरं, चांगलं दिसत नाही.”

काका पर्यटनाला निघाले नव्हते. कृत्रिम पाय बसवण्याच्या एका शिबिरात दहा दिवस स्वयंसेवक म्हणून त्यांना जायचे होते. दुकानात ही वार्ता फुटली तेव्हा जुन्या मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारले होते, “शेठ, हा जयपूर फूट आपल्या फुटापेक्षा किती इंच मोठा?” चाळीस वर्षे फुटावर पाईप विकणाऱ्या पेढीत हा प्रश्न तसा रास्तच म्हणायचा.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पंडित रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद यांनी १९६८ च्या सुमारास हा पाय घडवला. त्यामागची अडचण अगदी आपल्या घरातली होती. विलायती धाटणीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. त्या पायाने मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, आणि देवळाच्या पायरीशी आल्यावर तर माणसाची पंचाईतच होई. रबराचा, घोट्यात लवचीक, बोटांचा आकार असलेला जयपूरचा पाय अनवाणी चालतो. पुढे १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय गरजूंना विनामूल्य मिळू लागला. गुडघ्याखालची नळी आता बनते ती एचडीपीई पाईपापासून. म्हणजे शेतकरी काकांकडून शेतात पाणी नेण्यासाठी विकत घेतो त्याच जातीच्या पाईपापासून. फरक एवढाच, की तो काळा आणि हा कातडीच्या रंगाचा. काकांना पाय बनवता येत नव्हता, प्लास्टरचा साचा घेता येत नव्हता. पण पाईप हातात धरून त्याची जाडी सांगता येत होती. पथकात माल सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आपसूकच आले.

शिबिर होते देब्रे बिर्हान या गावी, राजधानी अदिस अबाबापासून सुमारे १३० किलोमीटरवर. पंधराव्या शतकात सम्राट झेरा याकोब याने वसवलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. आफ्रिका म्हणजे ऊन, या हिशेबाने एक स्वेटर घरी ठेवणाऱ्या काकांना पहिल्याच रात्री समजले की भूगोलाचे पुस्तक मुलांना घेऊन देणे निराळे आणि स्वतः वाचणे निराळे. तिथली माणसे जाड पांढऱ्या सुती शाली पांघरून हिंडत. तिसऱ्या दिवसापासून काकाही तशाच शालीत दिसू लागले आणि दुरून पाहणाऱ्याला एखाद्या पाटावर बसलेल्या श्रावकासारखे वाटू लागले.

पण थंडीपेक्षा मोठा पेच घड्याळाचा होता.

मुक्कामाच्या हॉटेलात पोहोचताच काकांनी दुभाष्या मुलामार्फत एकच विनंती केली होती : रात्रीचे जेवण साडेपाच वाजता मिळावे, कारण सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत. साडेपाच वाजले, सहा वाजले, स्वयंपाकघरात चूल पेटण्याचे चिन्ह दिसेना. काकांनी खाकऱ्याचा पहिला पुडा फोडला, पाणी गाळून प्याले, पच्चक्खाण घेतले आणि ब्लँकेटात शिरले. गाढ झोप लागली असताना दारावर थाप पडली. दारात हॉटेलची स्वयंपाकीण, तिच्या मागे तिची मुलगी. हातात वाफाळती थाळी, चेहऱ्यावर पाहुणचाराचा आनंद. घड्याळात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जन्मात कधी दिवा लागल्यावर घास न घेतलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून ऊन ऊन जेवण वाढणारी ती माउली, आणि हात जोडून उभे राहिलेले काका! दोघांनाही एकमेकांचे बोलणे समजत नव्हते आणि दोघेही अतिशय नम्र होते, त्यामुळे तो प्रसंग बराच वेळ चालला.

उलगडा सकाळी झाला. इथिओपियात दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सकाळी सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले बारा म्हणजे त्यांचे सहा आणि संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा. तिथून पुन्हा रात्रीचा एक, दोन, तीन. हा देश विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे दिवस आणि रात्र वर्षभर जवळपास सारख्याच लांबीचे राहतात आणि हे घड्याळ बिनतक्रार चालते. रात्री साडेपाचला जेवण मागणाऱ्याला त्यांनी अचूक त्यांच्या साडेपाचला जेवण आणून दिले होते. काकांना आपल्या साडेपाचला जेवायचे असेल, तर त्यांनी ‘साडेअकरा’ असे सांगायला हवे होते.

पथकातल्या इतरांनी या घड्याळापुढे हात टेकले. कोणी मनगटावर दोन घड्याळे बांधली, कोणी प्रत्येक वेळी बोटे मोजली. काकांना मात्र त्यात काही विचित्र वाटेना. नवकारशी कशी मोजतात? सूर्योदयापासून दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. पोरसी कशी मोजतात? सूर्योदयापासून एक प्रहर. पच्चक्खाणाचा सगळा हिशेब उगवत्या सूर्यापासून चालतो. मध्यरात्रीशी त्याचा काहीएक संबंध नाही. श्रीरामपूरला त्यासाठी भिंतीवर पच्चक्खाणाचे कोष्टक लावावे लागते आणि ऋतू बदलला की वेळाही बदलाव्या लागतात. इथे तर अख्ख्या देशाचे घड्याळच त्या चालीवर. सूर्य उगवे साडेसहाच्या सुमारास. स्थानिक घड्याळात एक वाजून वीस मिनिटे झाली की काकांची नवकारशी पूर्ण. चौविहारासाठी तर फक्त बाराचे भान ठेवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या समाधानाने घरी फोन केला.

“जेवलात का वेळेवर?” काकूंनी विचारले.

“हो, साडेअकराला जेवलो.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग : “अहो, पाणी कुठलं प्यायलात? डोक्यावर परिणाम झाला का थंडीने?”

वर्षाचा हिशेब याहून गमतीचा. तिथे वर्षाचे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नववर्ष आपल्या सप्टेंबरात येते आणि सालही सात-आठ वर्षांनी मागे, त्यामुळे आपल्या २०१५ च्या मार्चमध्ये तिथे २००७ साल चालू होते. काकांचा जन्म १९५३ चा. दोन हजार सातातून ते वजा केले तर वय निघते ५४! ही आनंदवार्ता त्यांनी मुनीमजींना कळवली. मुनीमजींनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, “शेठ, जमा त्यांच्या वहीत आणि नावे आपल्या वहीत धरलंत, तर ताळेबंद जुळायचा कसा? जन्माचं सालही तिकडचंच घ्या.” वय पुन्हा होते तिथेच आले.

आता आहाराविषयी. काका निघाले ते मांसाहारी देशात दहा दिवस काढण्याच्या तयारीने, आणि पोहोचले ते नेमके महाउपवासाच्या दिवसांत. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वी ५५ दिवस मांस, अंडी, दूध, तूप, लोणी यांतले काहीही घेत नाहीत. पुष्कळ जण दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्यांच्या नऊ वाजता, म्हणजे आपल्या तीनला, पहिला घास. शिवाय वर्षभर बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे असतात. सगळे मिळून सामान्य गृहस्थाचे वर्षातले १८० हून अधिक दिवस उपवासात जातात. शिबिरात रुग्णांसाठी दुपारी बाराला जेवणाची पाकिटे आणली जात आणि ती तशीच पडून राहत. व्यवस्थापक चिडले, चव बदलून पाहिली, पाकीट मोठे केले. एकाशनाच्या पंगतीचा वेळ ठाऊक असलेल्या काकांनी जेवण तीनला आणायला सांगितले, तेव्हा एकही पाकीट उरले नाही.

उपवासाच्या या पदार्थांत ‘शिरो’ नावाचा एक पदार्थ आहे. नाव ऐकून काकांच्या तोंडाला पाणी सुटले. समोर आले ते हरभऱ्याच्या पिठाचे लालभडक, जहाल पिठले. पिठल्याला नाव शिरो ठेवणाऱ्या भाषेशी आपले कसे जमणार, ही शंका त्यांना तेव्हाच आली. त्यात कांदा होता, हे पाहताक्षणी कळले. दुभाष्याकडून त्यांनी कांद्याला ‘शुंकुर्त’ म्हणतात आणि नसण्याला ‘येल्लेम’ हे पाठ करून घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन घोषणा केली, “शुंकुर्त येल्लेम!” दुसऱ्या दिवशी कांदा गेला, लसूण राहिला. चौकशी करता कळले की तिथे कांदा म्हणजे लाल शुंकुर्त आणि लसूण म्हणजे पांढरा शुंकुर्त. स्वयंपाकिणीने आपल्या समजुतीने लाल तेवढा काढला होता. तिसऱ्या दिवशी पांढराही गेला. मग आले. मग बटाटा. चौथ्या दिवशी ती बाई हातातली पळी ठेवून समोर येऊन बसली आणि दुभाष्याला म्हणाली, “यांना आजार काय आहे, ते एकदा नीट विचार.”

आजार नाही, व्रत आहे, असे सांगितल्यावर तिचा चेहराच पालटला. “किती दिवसांचे?” तिने विचारले. आयुष्यभराचे, असे उत्तर मिळाले. आपले पंचावन्न दिवस आणि या माणसाचे आयुष्य, असा हिशेब तिने मनातल्या मनात केला असावा, कारण त्या दिवसापासून ती काकांना ‘अब्बा’ म्हणू लागली. तिकडे धर्मगुरूंना आणि मठवासी साधूंना अशी हाक मारतात. काकांच्या कानाला ते आपल्या ‘आबा’सारखे वाटले, आणि सात पोरांचा आबा झाल्यावर आणखी एका हाकेचे ओझे ते काय! त्यांच्यासाठी रोज न आंबवलेल्या पिठाची ताजी पोळी होऊ लागली. तिला तिकडे ‘कित्ता’ म्हणतात. आंबवलेल्या पिठाचा इंजेरा काकांना चालत नव्हता, हेही तिने आपणहून ताडले. एकदा दुसऱ्याच वाढप्याने ‘उपवासाचे’ म्हणून मासा आणून ठेवला (उपवासाला मासे चालतात की नाही, यावर तिकडच्या श्रावकांतही दोन तट आहेत), तेव्हा काका उठण्याआधी तीच धावत आली आणि थाळी उचलून घेऊन गेली.

हा मान पाच दिवस टिकला. सहाव्या दिवशी सकाळी तिने काकांना चहात दुधाची भुकटी घालताना पाहिले.

ती काही बोलली नाही. नुसती दारात उभी राहून पाहत राहिली. एखाद्या महाराजसाहेबांना रात्री भेळेच्या गाडीजवळ पाहावे, तशी. उपवासात दूध! पिढ्यान्‌पिढ्या आपण कोणकोणत्या गोष्टी टाळतो याची यादी जगाला सांगत आलेल्या समाजातल्या माणसावर ‘एवढेही सोडता येत नाही?’ अशा नजरेची पाळी आली. त्यानंतरचे सगळे दिवस काकांनी कोरा चहा घेतला.

बाजारात मात्र त्यांना कोणी शिकवू शकले नाही. शनिवारच्या आठवडी बाजारात ते अर्धा दिवस रमले. टेफ नावाचे तिथले धान्य खसखशीएवढे बारीक. मूठ भरली तर निम्मे बोटांच्या फटींतून निसटते. त्याची प्रतवारी रंगावरून होते, पांढरा महाग आणि तांबूस स्वस्त, हे त्यांनी भाव विचारण्यापूर्वीच ओळखले. भाजलेले जव आणि हरभरे मिसळून केलेला ‘कोलो’ त्यांनी किलोभर घेतला. कांदा नाही, लसूण नाही, आंबवणे नाही. फुटाणे विकणाऱ्या त्या म्हातारीने वजन झाल्यावर वर एक मूठ टाकली, तेव्हा तर आपण श्रीरामपूरच्या बाजारातच उभे आहोत असे त्यांना वाटले.

शिबिरातला सर्वांत मोठा गोंधळ एका श्वासाने घातला. तिकडे ‘हो’ म्हणायची एक रीत अशी, की माणूस तोंडाने झटकन श्वास आत ओढतो. चटका बसल्यावर आपण ओढतो, अगदी तसा. कारागिराने नवा पाय चढवून विचारावे, “ठीक बसला?” आणि रुग्णाने समाधानाने श्वास ओढावा. कारागिराला वाटे, दुखले. तो साचा घासून सैल करी. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच श्वास. एका तरुणाचा पाय असा तीनदा सैल केल्यावर उभे राहताच गळून पडला. मग दुभाष्याने पोट धरून हसत खुलासा केला. काकांच्या अंगी ही लकब इतकी मुरली की आठव्या दिवशी काकूंनी फोनवर “गोळ्या वेळेवर घेता ना?” असे विचारल्यावर त्यांनी नुसता श्वास ओढला. पुढची दहा मिनिटे छातीत दुखत नसल्याची खात्री पटवण्यात गेली.

याच शिबिरात बस स्थानकाजवळ कॉफी विकणारी एक बाई आली. ट्रकखाली गुडघ्याखालचा पाय गेलेला. पूर्वी कुठूनसा मिळालेला पाय तिने काही वर्षे वापरला होता. तो बुटासकट घडवलेला. बूट काढला की पाय लंगडा. आणि इथिओपियातल्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पादत्राणे बाहेर काढूनच आत जातात. तो पाय होता तोपर्यंत ती कुंपणाशी उभी राहून प्रार्थना करी. तो मोडला, तेव्हापासून कुबडीवर उभी राहून. तिने सर्व रुग्णांप्रमाणे चालता येईल का असे विचारलेच नाही. जयपूरचा पाय हातात घेऊन तिने त्याची बोटे मोजली, तळवा पालथा करून पाहिला आणि दुभाष्याला म्हणाली, “हा अनवाणी आहे.” पंडित रामचंद्र शर्मांनी देवळात जाणाऱ्यांची जी अडचण सोडवली होती, ती चार हजार किलोमीटरवर तशीच्या तशी उभी होती.

तिचा साचा शेवटच्या आदल्या दिवशी घेतला. पाईपाचा एकच तुकडा शिल्लक होता आणि तो तिच्या नावावर काकांच्या वहीत चढला. शेवटच्या सकाळी नऊला या, अशी चिठ्ठी तिला दिली गेली. रोज काका चिठ्ठीवर दोन्ही घड्याळांच्या वेळा लिहीत. त्या संध्याकाळी काका मालाची मोजदाद करत होते आणि चिठ्ठ्या दुसऱ्याच स्वयंसेवकाने लिहिल्या.

सकाळचे नऊ वाजले, दहा वाजले. ती आली नाही. पथक दोनला निघणार होते. रात्री अदिस अबाबाहून मुंबईचे विमान. साचा तयार असलेला एक तरुण दाराशी बसून होता, पाईप संपला म्हणून त्याला पुढच्या वर्षी या असे सांगितलेले. पथकप्रमुख म्हणाले, “ती येत नाही. पाईप याला द्या.”

हे म्हणणे गैर नव्हते. पाय कोणाला तरी मिळणारच होता. पण काकांनी वहीवर हात ठेवला. “नावावर चढलेला माल आहे. गिऱ्हाईक येईपर्यंत दुसऱ्याला जात नाही.” आणि मग त्यांनी चिठ्ठीचे पुस्तक उघडले, तिथे लिहिलेला ‘९’ पाहिला आणि एकदम उठले. ती येणार होती. तिच्या नऊला. आपल्या तीनला. गाडी गेल्यावर तासाभराने.

दुभाष्याला सोडता येण्यासारखे नव्हते. काका रस्त्यावर आले आणि रिक्षा थांबवली. तिकडे तीनचाकी रिक्षाला ‘बजाज’च म्हणतात. वाळूजच्या कारखान्यात बनणारे ते वाहन देब्रे बिर्हानच्या चढावर गुरगुरत चालताना पाहून काकांना माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. त्यांनी कॉफी ओतण्याचा अभिनय केला, मग एका पायावर उभे राहून दाखवले. चालकाने समजल्याचा श्वास ओढला. बस स्थानकावर ती नव्हती. शेजारणीने चर्चकडे बोट दाखवले.

चर्चच्या आवारात शेकडो माणसे, आणि सगळी पांढऱ्या शालीत. काकांनीही बूट काढले. कुंपणाच्या कडेकडेने शोधत गेल्यावर झाडाला टेकलेली कुबडी दिसली. ती तिथे होती, डोळे मिटून. काकांनी थांबून वाट पाहिली. तिने डोळे उघडल्यावर त्यांनी घड्याळ दाखवले, गावाकडे हात केला, घाईचा अभिनय केला. तिने चिठ्ठी काढून नऊचा आकडा दाखवला, आकाशातल्या सूर्याकडे बोट केले आणि पाच बोटे दाखवली : आता कुठे पाच वाजलेत. काकांनी पुन्हा घड्याळ ठोकले. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवून थोपटले. म्हाताऱ्याला वेळ कळत नाही, बिचारा. शेवटी चालक आत आला आणि दोन वाक्यांत काम झाले.

परतताना हार्डवेअरच्या एका दुकानाबाहेर काळ्या पाईपांची चळत दिसली. काकांनी रिक्षा थांबवली. दुकानदाराशी भाषा जुळत नव्हती, व्यवसाय जुळत होता. काकांनी वीत लावून व्यास पाहिला, कड बोटांत धरून जाडी अजमावली, नखाने ओरखडा काढला आणि भाव ऐकून परत निघाल्याचे नाटक केले. दुकानदार हसला, त्याच्याकडेही असे गिऱ्हाईक रोजच येत असणार. रिक्षातून आडवा बाहेर आलेला पाईप, एका बाजूला कुबडी, मध्ये शालीतले काका, अशी ती वरात शिबिरात पोहोचली. जयपूरच्या कारागिराने पाईप वाजवून पाहिला, तुकडा भट्टीत टाकून पाहिला आणि मान हलवली. त्या तरुणाला काळ्या नळीचा पाय मिळाला. बूट घातल्यासारखा दिसतो, म्हणून तो उलट खूश.

दोनची गाडी साडेतीनला निघणार, हे तोवर ठरून गेले होते. बाई समांतर दांड्यांमधून दोन फेऱ्या चालली, मग दांड्या सोडून. कारागिराने विचारले, “ठीक बसला?” आणि या वेळी श्वास ऐकून कोणी साचा घासायला नेला नाही. तिने बुटांच्या ढिगाकडे एकदा पाहिले आणि अनवाणीच व्हरांडा ओलांडून अंगणात उतरली.

तीन वाजायला आले होते. तिने कोणाला तरी पाठवून आपली शेगडी आणि मातीची कॉफीची सुरई मागवली होती. नव्या पायाने ती बुटक्या चौरंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. हे तिने कारण नसताना चार वेळा केले. कॉफीच्या तीन वाट्या होतात आणि तिसरी, आशीर्वादाची, घेतल्याशिवाय उठायचे नसते. त्यासोबत घास हवा. तिकडे प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात; तो नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. तिने इंजेराचा तुकडा शिरोत बुडवून उचललाच होता. कांदा त्यात स्पष्ट दिसत होता. काकांनी हात जोडले, दुभाष्याला थांब म्हणून सांगितले आणि धावत जाऊन बॅगेतून उरलेला खाकरा आणला. हा भरवा, ते म्हणाले.

तिने खाकरा हातात घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुभाष्याकडे वळून तिने एक प्रश्न विचारला.

“ती विचारते आहे, यात लोणी-तूप आहे का? तिचा उपवास आहे. असेल तर ती हातही लावणार नाही.”

साठ वर्षे काकांनी हा प्रश्न लोकांना विचारला होता; हॉटेलांत, विमानांत, व्याह्यांच्या घरी. त्यांनी पहिला पुडा बाजूला केला. तूप. दुसरा. तूप. ती प्रत्येक पुडा वास घेऊन परत करत होती आणि स्वयंपाकीण, जी निरोप द्यायला आली होती, तिच्या मागे उभी राहून न्यायाधीशासारखी पाहत होती. शेवटी तळाशी पेन्सिलीने लिहिलेला सहावा पुडा निघाला. काकांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला. “तेल,” ते म्हणाले. दुभाष्याने शब्द सांगितला. स्वयंपाकिणीने पुडा उघडून एक तुकडा मोडला, उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि मान डोलावली.

घड्याळात नऊ वाजले होते. बाईने खाकऱ्याचा घास केला आणि काकांना भरवला.

रात्री विमानतळावरून काकांनी घरी फोन केला. सामानात काय परत येत आहे, असे काकूंनी विचारले.

“तुपाचे दोन पुडे.”

“आणि तेलाचा?”

“तो पंगतीत संपला.”

“अहो, पाहुण्यांना तेलाचा दिलात? तुपाचे असताना?” काकू कळवळून म्हणाल्या. काकांनी नुसता श्वास आत ओढला.